ओवणाऱ्या हातांना दाम कधी मिळाला?

परवाच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका काकूंनी विचारलं, "बाई, दागिने विकणं हे आपलं काम आहे का? ते सोनाराचं." प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधताना आम्हाला बरंच मागं जावं लागलं. तेच आज सांगतो.

जुन्या काळी दागिना एका हातानं पुरा होत नसे. सोनार मणी, पेट्या, वाट्या घडवायचा. पण ते सगळं रेशमात गाठवून द्यायचा तो पटवेकरी. बाजाराच्या दिवशी पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून तो बसायचा आणि बघता बघता बोरमाळ, चिंचपेटी गाठवून हातात द्यायचा. बांगड्यांचा कासार तर दारोदार यायचा आणि आपल्या हातानं बांगड्या भरून जायचा. यात विकणारे बहुतेक पुरुष. घरातली बाई कासाराच्या पेटीला हात लावायची, मणी ओवायची, कड्या जोडायची, पण गिऱ्हाइकाशी भाव ठरवताना ती आत असायची.

आणि दागिना काही फक्त गावापुरता नव्हता बरं का! पुतळीहारातली पुतळी म्हणजे मुळात परदेशातल्या व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं. त्यावर माणसांच्या आकृत्या होत्या, म्हणून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटलं आणि माळेत ओवलं. समुद्रापलीकडचं नाणं आपल्या आजीच्या गळ्यात आलं, ते व्यापाऱ्यांच्या हातून. माल लांब जातो तो व्यापारामुळं, आणि आपल्याला शिकायचं होतं ते हेच.

कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी बघा. हातकणंगले तालुक्यातल्या या गावाची चांदीची पैंजणं देशभर जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथं हा धंदा वाढत गेला. चांदी वितळवायची, तार ओढायची, कड्या करायच्या, जोडायच्या, झाळायच्या, घुंगरं लावायची, उजळायची. एकेक काम वेगळ्या घरात. कड्या जोडण्याचं काम हुपरीत आणि आसपासच्या खेड्यांत बायका घरी बसून करतात, चुलीवरचा भात बघत बघत. मजुरी मिळते आणि ती घराला लागतेच, तिला आम्ही नावं ठेवत नाही. पण पैंजण कुठल्या शहरात, कितीला गेलं, हे जोडणारीला कळत नाही. मजुरी आणि विक्री यात हाच फरक.

बायकांनी स्वतः विकायचं ठरवलं तर काय होतं, ते दाखवलं मुंबईच्या गिरगावातल्या सात जणींनी. सन 1959, उसने घेतलेले 80 रुपये, आणि पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं. तेच पुढचं लिज्जत. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरले आणि खाली शेगडी ठेवली. आम्हाला 80 रुपयांपेक्षा ही खाट जास्त आवडते.

बचत गटांना बँकेनं कर्ज देण्याचा नाबार्डचा प्रयोग 1992 साली सुरू झाला. त्यातून आपल्याला पैसा मिळाला. बाजार मात्र आपला आपणच शोधायचा होता.

आम्ही काचेचे मणी आणि रेशमी दोऱ्याच्या माळांपासून सुरुवात केली. गटाच्या बचतीतून तीन हजार उचलले. तालुक्याच्या एका दुकानदारानं चाळीस माळा ठेवून घेतल्या, "विकल्यावर पैसे देतो" म्हणाला. चिठ्ठी घेतली नाही. तोंडओळख होती ना! दिवाळी झाली, निम्म्या माळा परत आल्या, काहींचे दोरे तुटलेले. उरलेल्यांचा हिशेब आजपर्यंत जुळलेला नाही. त्या रात्रीच्या बैठकीत दोघी जणी गट सोडायला निघाल्या होत्या, आणि त्यांचं चूक होतं असं आम्ही म्हणणार नाही. तो पैसा त्यांच्या मुलांच्या फीसाठी ठेवलेला होता.

मग आम्ही दोन गोष्टी धरल्या. माल कुणालाही, अगदी चुलत सासऱ्याला दिला तरी कार्बनच्या चिठ्ठीवर सही. आणि किंमत काढताना आपल्या वेळेचे पैसे धरायचे. समजा मणी, दोरा, हुक मिळून 40 रुपये, ओवायला दीड तास. शेतावर तासाला जेवढं मिळतं तेवढं दीड तासाचं धरा, एसटीचं भाडं वाटून घाला, वर थोडा नफा. आधी आम्ही 60 रुपयांना विकायचो, म्हणजे दीड तासाचे 20 रुपये, आणि एसटीचं भाडं वेगळंच. कागदावर मांडल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "आगं, मग आपण पाटव्यापेक्षाही स्वस्त निघालो की!"

गिलिटाच्या मण्यांना गिलिटाचेच म्हणायचं, हेही ठरलं. सोन्यासारखं दिसतं म्हणून सोनं सांगितलं, तर गिऱ्हाईक एकदा फसेल आणि साऱ्या यात्रेला सांगेल.

यंदा गावच्या यात्रेत आमची चटई होती. भाव काकूच करत होत्या. एका बाईनं घासाघीस केली तेव्हा त्यांनी मुकाट्यानं वही उघडून दाखवली. बाईनं वाचली, आणि दोन माळा घेतल्या. चिठ्ठीवर सही करताना काकूंना पहिल्यांदा आपलं पूर्ण नाव लिहावं लागलं. जागा अपुरी पडली म्हणून आडनाव खालच्या ओळीवर गेलं.