आज्ञापत्र : तरुण राजाच्या नावे लिहिलेला झाडापाण्याचा धडा

१/ ‘शिवछत्रपतींचे वृक्षरक्षणाचे पत्र’ म्हणून एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. शाळकरी मुलांना निसर्गाचे मोल सांगण्यासाठीही तो वाचून दाखवतात. तो मुळात कोठला, हे पाहू.

२/ तो ‘आज्ञापत्र’ या ग्रंथातला आहे. ग्रंथाचा काळ १७१५, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर ३५ वर्षांनी. कर्ते रामचंद्रपंत अमात्य. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी ते अष्टप्रधानांत होते. त्यामुळे ग्रंथातली शिकवण शिवकाळातच रुजलेली. ग्रंथाला रूप मात्र राजाज्ञेचे, आणि ती आज्ञा करवीरच्या संभाजी छत्रपतींची. १६९८ साली जन्मलेले हे छत्रपती तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते आणि त्यांची गादी पन्हाळ्यावर होती.

३/ झाडांचा हा उल्लेख येतो आरमाराच्या प्रकरणात. गलबतांना थोर लाकूड लागते. सागवानासारखी झाडे राज्यातल्या अरण्यातून न्यावीत, तीही हुजूरची परवानगी घेऊन. उणे पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे. तरी त्याला हात लावू नये.

४/ का? ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे सांभाळलेली असतात. एखादे जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन मगच तोडावे. बळजबरी करू नये.

५/ गडांच्या प्रकरणात पाण्याचा विचार आहे. पाणी पाहूनच गड बांधावा. ते नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी खोदावीत. एका झऱ्यावर विसंबू नये. जादा साठा राखावा.

६/ याच करवीर संस्थानात १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. आज महाराष्ट्रातली मुले प्राथमिक वर्गांत ‘परिसर अभ्यास’ आणि नववी-दहावीत ‘जलसुरक्षा’ शिकतात.

७/ अमात्यांना आजच्या अर्थाने पर्यावरणवादी म्हणता येणार नाही. त्यांना गलबते हवी होती आणि त्यासाठी अरण्यातली झाडे तोडली जाणार होती. तरीही त्यांचा धडा आपल्या नेहमीच्या घोषणांहून वेगळा आहे. ‘झाडे लावा’ हे आपण मुलांना सांगतो. अमात्य बजावतात ते कुऱ्हाड हाती असलेल्या सत्तेला. झाड कोणी वाढवले, त्याला विचारले का, त्याचे मोल दिले का, हे प्रश्न मुलांच्या अभ्यासातही यायला हवेत.

८/ शाळेची सहल पन्हाळ्यावर गेली, तर अंधारबाव अवश्य पाहा. गडावर पाणी कसे राखले जाई, ते तेथे प्रत्यक्ष कळते. अमात्यांची समाधीही याच गडावर आहे. आणि तो मजकूर पुढे पाठवताना त्याखाली ग्रंथाचे खरे नाव लिहा : आज्ञापत्र, १७१५.