कॉर्कहून कोठीपर्यंत

तात्या टोपेंचं नाव निघालं की आमचे थोरले काका गौलीगुड्याच्या माडीवरून कोठीच्या दिशेला हात करायचे. "त्यांना धरणारा साहेब तिथं राज्य करून गेला," म्हणायचे. काकांच्या गोष्टींत निम्मं हैदराबाद कुठल्या ना कुठल्या लढाईचं मैदान असे, त्यामुळे ऐकणारे गालात हसत. ही गोष्ट मात्र शब्दशः खरी आहे.

साहेबाचं नाव रिचर्ड मीड. साथीदार मानसिंगाच्या फितुरीनं ७ एप्रिल १८५९च्या रात्री तात्या झोपेत सापडले ते याच मीडच्या माणसांना, आणि १८ एप्रिलला शिवपुरीला त्यांना फाशी झाली. पुढं १८७३ मध्ये बडोद्याला मल्हारराव गायकवाडांच्या कारभाराची चौकशी करायला सरकारनं पाठवला तोही मीडच. आणि १८७६ ते १८८१ या काळात आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा कोठीच्या खांबांच्या हवेलीत, रेसिडेन्सीत, हैदराबादचा रेसिडेंट म्हणून तो होता. निजामाचे दिवाण सालारजंग तेव्हा इंग्रजांकडून वऱ्हाड परत मिळावं म्हणून जिवाचं रान करत होते. मीडनं त्यांची डाळ शिजू दिली नाही. मध्य भारत, बडोदा, वऱ्हाड: मराठी माणसाच्या दुखऱ्या जागा याला बरोबर माहीत होत्या म्हणायचं.

आणि हा गृहस्थ इंग्रज नव्हता. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या घराण्यातला. आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी काकांनी त्याला सूट दिली नसती.

रेसिडेन्सीबद्दल घरात दोन तट होते. आत्या तिथंच शिकली. १९४९ नंतर तिथं मुलींचं कॉलेज भरू लागलं आणि जिथं साहेबांचा दरबार भरायचा तिथं आत्यानं परीक्षांचे पेपर लिहिले. तिला त्या जिन्याचं, झुंबरांचं भारी कौतुक. काकांना आठवायची ती १७ जुलै १८५७ची संध्याकाळ, अर्थात तीही ऐकीवच. तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्याबरोबर रोहिले चालून आले, पुतळीबावडीच्या बाजूची रेसिडेन्सीसमोरची घरं त्यांनी धरली, रात्रभर तोफा-बंदुका वाजल्या. गौलीगुड्यातल्या बायकांनी ती रात्र कशी काढली, हे आजी तिच्या सासूच्या तोंडचं सांगे: दिवे विझवून, पोरांच्या तोंडावर पदर धरून. सकाळपर्यंत सगळं संपलं. तुर्रेबाज खान पुढं मारला गेला, मौलवी अंदमानात गेले.

पण कॉर्कहून या शहरात एक मीडच आला असं नाही. त्याच्या आधी बरीच वर्षं डॅनियल मर्फी नावाचा दुसरा एक कॉर्ककर इथं पोचला होता. जन्म १८१५चा. मेनूथच्या धर्मविद्यालयात शिकून मद्रास मिशनमध्ये आलेला तरुण पाद्री. त्याला सिकंदराबादच्या छावणीकडे धाडलं, कारण तिथं त्याचीच माणसं होती. १८३०च्या सुमारास ब्रिटिश फौजेतल्या शंभर शिपायांमागे चाळीसहून जास्त आयरिश असत. कंपनीच्या गोऱ्या पलटणींची भरतीही मोठ्या प्रमाणात आयर्लंडमधलीच. घरी जमीन जमीनदाराची, पोटाला बटाटा, आणि १८४५ पासून तोही सडू लागला. त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. लाल डगला घालणं हा जगण्याचा एक मार्ग होता. त्या डगल्याआडच्या माणसाला प्रार्थनेला जागा हवी म्हणून मर्फीनं सिकंदराबादेत सेंट मेरीज उभं केलं. १८५० मध्ये ते पुरं झालं. २००८ साली त्याला बॅसिलिकाचा मान मिळाला.

मर्फी १८४६ मध्ये बिशप झाला. त्याच्याच काळात, १८५५ मध्ये, गनफाउंड्रीला ऑल सेंट्स शाळा निघाली. शेजारचं सेंट जोसेफ कॅथेड्रल नंतरचं, इटालियन पाद्र्यांचं. ऑल सेंट्सची मुलं आज सांगतात ती क्रिकेटपटू अझरुद्दीन आणि व्यंकटपती राजू यांची नावं. मर्फीचं नाव कुणाच्या ओठावर नाही. काकांचा नातू शाळेत घालायच्या वयाचा झाला तेव्हा मराठी मंडळींच्या विवेक वर्धिनीत की ऑल सेंट्समध्ये, यावर घरात आठवडाभर रणधुमाळी झाली. काका विवेक वर्धिनीच्या बाजूचे, केशवराव कोरटकरांचं नाव घेऊन भांडणारे. अखेर अर्जाच्या रांगेत तेच उभे राहिले. "हा साहेब शाळा काढणारा होता, धरणारा नव्हता," एवढं पुटपुटून.

इथं मधेच आजीच्या माहेरची गोष्ट, कारण तीही आयर्लंडला जाऊन पोचते. माहेर नळदुर्गचं. १८५३च्या तहात वऱ्हाडाबरोबर नळदुर्गही कंपनीकडे गेलं आणि तिथं मेडोज टेलर अधिकारी म्हणून आला. जमीन मोजणारा, लोकांत बसणारा साहेब म्हणून त्याचं नाव आजीच्या माहेरी टिकून होतं. तो जन्मानं लिव्हरपूलचा, बायको हैदराबादच्या सावकार विल्यम पामरची मुलगी. १८६० मध्ये नोकरी संपल्यावर राहायला गेला तो डब्लिनला. तिथं बसून त्यानं तुळजापूरच्या परिसरावर 'तारा' ही कादंबरी लिहिली आणि दख्खनमधल्या प्राचीन शिलावर्तुळांवरचा निबंध रॉयल आयरिश अकादमीला दिला. आयर्लंडच्या माळावर तसलेच दगड उभे आहेत, हे त्याच्या नजरेत भरलं असणार.

मर्फी हैदराबादेत राहिला नाही. प्रकृती साथ देईना, म्हणून १८६६ मध्ये तो टास्मानियातल्या होबार्टला गेला, तिथं आर्चबिशप झाला आणि १९०७ मध्ये ब्याण्णव वर्षांचा होऊन वारला. त्याच्या शिपायांपैकी मात्र बरेच इथंच राहिले. कुणी छावणीच्या दफनभूमीत, कुणी संसार मांडून. त्यांची नातवंडं-पणतवंडं निजामाच्या रेल्वेत आली. लालागुड्याच्या कारखान्यात आमचे आजोबा कारकून होते आणि इंजिनवर, फिटरच्या खात्यात आयरिश आडनावांची अँग्लो-इंडियन मंडळी. आजोबांना ती सगळी सारखीच गोरी वाटत. १७ मार्चला कोटाला हिरवं पान खोचून येणारे कोण, हे त्यांना बरीच वर्षं कळलं नाही. एकदा विचारलं तेव्हा जोडीदार म्हणाला, "हमारे पुरखों का संत है, बाबू. हम तो देखे नहीं वो मुलुक." हैदराबादी हिंदीत सांगितलेलं आयर्लंड आजोबांच्या कायम लक्षात राहिलं.

गौलीगुड्यातले आम्ही मराठी लोक काही वेगळे नव्हतो. कुणाचे पूर्वज दफ्तरदारीसाठी आले, कुणाचे वकिलीसाठी, आणि मूळ गाव दर पिढीला थोडं अंधुक होत गेलं. फरक एवढाच की आमच्याकडे ग्रंथसंग्रहालय होतं, गणपती होते, १९३१ साली ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलनही भरलं. लालागुड्यातल्या त्या आयरिश वंशजांकडे चर्चची नोंदवही होती.

आणि ती वही कामाला आली. स्वातंत्र्यानंतर बरीच अँग्लो-इंडियन घरं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघाली. ऑस्ट्रेलियाला तेव्हा गोरं रक्त हवं असे, पूर्वज युरोपातला असल्याचा पुरावा लागे. आजोबांचा तो जोडीदार त्यांना घेऊन सेंट मेरीजला गेला. इंग्रजी अक्षर वाचायला आजोबा पटाईत. दोघं दुपारभर बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी चाळत बसले. "नाव सापडलं, पलटणीचा नंबर सापडला," आजोबा सांगत. "गाव कुठं लिहिलं नव्हतं. तेवढ्यावर ऑस्ट्रेलियानं घेतलं त्याला."