भाड्याने आणलेला शब्दकोश

जपानी भाषा शिकायला किती पैसे लागतात, हा प्रश्न मला वर्षानुवर्षे विचारला जातो. विचारणारे बहुधा पालक असतात. वर्गाची फी, जाड पुस्तके, परीक्षेचे शुल्क असा हिशेब बोटांवर मांडून ते म्हणतात, ''सर, हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे.'' त्यांची अडचण खरी असते. पण या प्रश्नाचे एक उत्तर जपानच्याच इतिहासात आहे. ते आज आपल्यापुढे ठेवतो.

एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, सामान्य जपानी मुले स्वतःची भाषा लिहा-वाचायला कुठे शिकत? देशभरची सरकारी शिक्षणव्यवस्था १८७२ मध्ये आली. त्याआधी होत्या त्या 'तेराकोया'. 'तेरा' म्हणजे बौद्ध मंदिर. पण पुढे हे वर्ग कुणाच्याही घरात भरू लागले. शिकवणारा कधी भिक्षू, कधी धन्याविना राहिलेला सामुराई, कधी वैद्य असे. फी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. कुणी रोख देई, कुणी तांदूळ, कुणी भाजीपाला. आपल्याकडच्या पंतोजींना शिधा मिळे, तसाच हा प्रकार.

प्रत्येक मुलाकडे छापील पुस्तक हवे, असा आग्रह नव्हता. गुरुजी कित्ता लिहून देत, मुले तो गिरवीत. कागद जपून वापरायचा, म्हणून एकाच कागदावर पुन:पुन्हा लिहायचे, तो पार काळा होईपर्यंत. वाळलेल्या काळ्या कागदावरही ओल्या शाईचे अक्षर चमकते, तेवढे पुरे असे. धडेही नेमके. पत्रांचे नमुने, गावांची नावे, मालाची नावे. व्यापाऱ्याच्या मुलासाठी व्यापाराचे शब्द, शेतकऱ्याच्या मुलासाठी शेतीचे. जे लागणार ते आधी, हे काटकसरीचे पहिले सूत्र.

अर्थात सगळीच मुले तिथे पोहोचत नव्हती. ज्या घरी शेतावर प्रत्येक हात लागे, तिथे गुरुजींना द्यायच्या तांदळापेक्षा मुलाचा वेळ महाग होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

दुसरी गोष्ट एका गरीब सामुराईची. कात्सु काइशू हा १८२३ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, जन्मला. त्या वेळी जपानला युरोपीय ज्ञानाची खिडकी एकच होती, डच भाषा. तिच्यासाठी 'दूफ-हाल्मा' नावाचा डच-जपानी कोश होता. हा कोश हाताने नकललेला, अठ्ठावन्न भागांचा, आणि विकत घेणे कात्सुच्या आवाक्याबाहेरचे. त्याने १८४७ मध्ये एका वैद्याकडून तो वर्षाला दहा ऱ्यो भाड्याने आणला आणि सुमारे वर्षभरात त्याची नक्कल केली. एकदा नव्हे, दोनदा! एक प्रत स्वतःसाठी ठेवली, दुसरी विकून भाडे भागवले. घरात उन्हाळ्यात मच्छरदाणी नव्हती, हिवाळ्यात पांघरूण नव्हते, अशी नोंद त्यानेच त्या प्रतीत करून ठेवली आहे. हाच कात्सु पुढे १८६० मध्ये 'कान्रिन मारू' या जहाजाचा कप्तान म्हणून पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. १८६८ मध्ये एदोचा किल्ला रक्तपाताविना सुपूर्द झाला, त्या वाटाघाटीही त्याच्याच.

तुम्ही म्हणाल, तो तर डच शिकत होता! खरे आहे. पण रीत महत्त्वाची. कोश दोनदा लिहून काढणाऱ्याच्या हातून कोशातली भाषाही जाते.

आपण मराठी माणसे तर हा प्रवास थोडी शिदोरी घेऊनच सुरू करतो. जपानी अक्षरांचा क्रम ऐका : आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? सिद्धम् लिपीतून संस्कृत मंत्र शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून तो घडला. आजच्या 'हा'चा उच्चार फार पूर्वी 'पा' होता, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे त, न, प, म, य, र, व ही आपलीच वाट. वाक्यातही क्रियापद शेवटी येते आणि आपल्या 'ला', 'चा', 'ने'सारखे प्रत्यय नामानंतर लागतात. इंग्रजी माध्यमातून जपानी शिकणाऱ्याला जे समजून घ्यावे लागते, ते आपल्याला आईकडून फुकट मिळालेले असते.

कठीण आहे ती कांजी, म्हणजे चिनी चित्रलिपी. २०१० च्या अधिकृत यादीत नित्य वापराच्या २१३६ कांजी आहेत. रोज पाच घेतल्या तर सव्वा वर्षाच्या आत यादी संपते. उजळणी धरून दुप्पट काळ समजा. त्यासाठी माझे विद्यार्थी गणिताची चौकोनी वही वापरतात. प्रत्येक चौकोनात एक कांजी, आणि पान भरले की पेन्सिलीवरून पेनने पुन्हा तेच. तेराकोयातल्या काळ्या कागदाचा हा नातू!

शिक्षकाची गरज संपत नाही. उच्चार आणि चुका दुसऱ्यानेच दाखवाव्या लागतात. परीक्षेचे शुल्कही चुकत नाही. पण कात्सुला जे दहा ऱ्यो भाड्याने आणावे लागले, ते आज जवळजवळ फुकट आहे. जपान फाउंडेशनने २०२० पासून 'इरोदोरी' ही पाठ्यपुस्तके विनामूल्य खुली केली आहेत. कोश तर खिशातल्या फोनवर आहेत.

महाग राहिला आहे तो वेळ. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी दुकानात काम आणि घरी एकच खोली, अशा मुलांना मी शिकवले आहे. त्यांना पुस्तक मिळते, तास मिळत नाही. म्हणून पालकांना माझे एकच सांगणे आहे. फी जमेपर्यंत थांबू नका. मुलाला किंवा मुलीला घरात रोज एक तास द्या, ज्यात कुणी हाक मारणार नाही, कुणी काम सांगणार नाही. तो तास ज्या घराने दिला, त्या घरातला अर्धा खर्च तिथेच भागला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)