नवापूरच्या कोंबड्या आणि चिमूटभर पोटॅशियम

फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. भारतात कोंबड्यांमधला एच५एन१ बर्ड फ्लू पहिल्यांदा तिथे सापडला. नमुने भोपाळला गेले, तिथे शिक्कामोर्तब झालं आणि मग लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. मी तेव्हा शाळेत होतो. घरात अंडी बंद झाली, एवढंच आठवतं.

शेडवरच चाचणी झाली असती तर? हा प्रश्न डोक्यात घेऊन शोधत बसलो आणि पोचलो अ‍ॅप्टामरपाशी.

१९९०. कोलोरॅडोत टर्क आणि गोल्ड, बॉस्टनमध्ये एलिंग्टन आणि शोस्टॅक. दोघांची युक्ती एकच: आरएनएचे ढीगभर वेगवेगळे तुकडे घ्यायचे, हव्या त्या रेणूला जे चिकटतील तेवढे ठेवायचे, त्यांच्या प्रती काढायच्या, पुन्हा चाळायचं. 'अ‍ॅप्टामर' हे नाव बॉस्टनवाल्यांचं. १९९२ मध्ये हेच डीएनएवर जमलं.

त्याच वर्षी थ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला पकडणारा अ‍ॅप्टामर आला. फक्त १५ अक्षरांचा! त्यातले चार-चार ग्वानिन चौकोन करून बसतात, असे दोन मजले, आणि मध्ये पोटॅशियमचा आयन. ग्वानिनचा हा चौकोन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्येच दाखवला होता. पोटॅशियम त्यात नेमका बसतो. सोडियमने पकड ढिली होते, लिथियमचा तर जवळजवळ उपयोगच नाही. मॅग्नेशियमचं काम वेगळं. डीएनएच्या कण्यावर सगळा ऋणभार, त्यामुळे घडी घालताना तो स्वतःलाच ढकलतो. मॅग्नेशियम ते भांडण मिटवतो.

आता गोची बघा. आमच्या धंद्यात एक लाडकं वाक्य आहे, 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' इथे मशीन म्हणजे बफर. मॅग्नेशियम घातलेल्या बफरमध्ये निवडलेला अ‍ॅप्टामर त्या क्षारांच्या भरवशावरच आकार धरतो. आणि रक्त? माणसाचंच घ्या: सोडियम १४० मिलीमोलरच्या आसपास, पोटॅशियम जेमतेम ४-५. त्यात रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतलं, तर तिथलं ईडीटीए कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही ओढून घेतं. अ‍ॅप्टामरची घडी मोडली की विषाणू समोर असूनही तो चिकटणार नाही. रिपोर्ट निगेटिव्ह, आणि आजारी कोंबड्यांचा ट्रक बाजाराकडे.

२०१३ मध्ये आर्कान्सा विद्यापीठाच्या गटाने एच५एन१ पकडणारे डीएनए अ‍ॅप्टामर निवडले. तेव्हापासून असा पेपर हाती आला की मी आलेख नंतर बघतो. आधी बफरची ओळ शोधतो.