मापाच्या फितीपासून मायावी आरशापर्यंत

कपडा विकत घेण्यापूर्वी तो अंगाला बसतो की नाही हे पाहावे, ही गोष्ट इतकी साधी आहे की तिला इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज मोबाइलवर आपले छायाचित्र दिले की दूरच्या वखारीतला सदरा त्या छायाचित्रातल्या अंगावर चढलेला दिसतो. व्यापारी भाषेत याला ‘व्हर्च्युअल ट्राय-ऑन’ म्हणतात. आम्ही सोयीसाठी मायावी आरसा म्हणू. पुष्कळांना ही कालपरवाची जादू वाटते. आमच्या मते ती एका जुन्या भांडणातली ताजी पायरी आहे, आणि ते भांडण असे की, कपडा अंगाला बसला नाही तर नुकसान कोणी सोसायचे?

आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर वाचले. त्यामुळे नवे यंत्र दिसले की एकच सवयीचा प्रश्न आमच्या तोंडी येतो: याने कोणाचे ओझे उतरले आणि ते कोणाच्या डोक्यावर गेले? तोच प्रश्न घेऊन आज हा इतिहास चाळू.

मापाचा प्रश्न शिवलेल्या कपड्याबरोबर जन्मला. धोतर, उपरणे, पागोटे, नऊवारी लुगडे यांना माप लागत नाही. लुगडे अंगाला बसवण्याची कला नेसणारीच्या हातात असते. तेच लुगडे ती लग्नात नेसते, बाळंतपणानंतर नेसते, आणि उद्या ते सुनेलाही होते. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीसाठी कंपनी स्थापन केली. त्यानंतर गिरणगावाने जो माल काढला तो मुख्यतः सूत आणि वारावर मोजायचे कापड हाच. त्या कापडाचा अंगरखा वा पैरण करायची म्हणजे शिंप्याकडे जावे लागे.

ज्या जातीत संत नामदेव जन्मले, त्या जातीचा हा धंदा. शिंपी गिऱ्हाइकाला समोर उभा करी, छाती, कंबर, खांदा, बाही मोजी, आणि एक खांदा उतरता असला तर तसे न बोलता वहीत टिपून ठेवी. कच्चे टाके घालून एकदा घालून पाहायला बोलावी. बसले नाही तर उसवून पुन्हा शिवणे त्याच्या माथी. म्हणजे माप घेणारा तोच, शिवणारा तोच, आणि चूक भरून देणाराही तोच. त्याची वही म्हणजे गावातल्या शरीरांची खानेसुमारीच होती. पण ती त्याच्या पेटीत राही.

ज्या फितीने तो मोजी ती स्वतः फार जुनी नाही. युरोपात पूर्वी शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक पट्टी घेऊन तिच्यावर खुणा करीत. इंचांची फीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. हा बदल लहान दिसतो, पण कागदाच्या पट्टीवर एकाच माणसाचे शरीर असते. फितीने त्याचे आकडे झाले. आकडे झाले म्हणजे तक्ता करता येतो, आणि तक्ता झाला म्हणजे न पाहिलेल्या माणसासाठीही कपडा कापता येतो.

न पाहिलेल्या माणसाचे पहिले कपडे खलाशांचे आणि शिपायांचे. जहाज सुटायच्या घाईत असलेला खलाशी शिंप्याची वाट पाहत बसत नाही. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने शिवणयंत्र शोधून १८३० साली त्याचा हक्क नोंदवला. पॅरिसमध्ये त्या यंत्रांवर फौजेचे गणवेश शिवू लागताच १८३१ साली तिथल्या शिंप्यांनी कारखान्यावर चाल करून यंत्रे मोडून टाकली. यंत्र मोडून प्रश्न सुटत नाही हे आज सर्वांना कळते. पण त्या शिंप्यांना आम्ही अडाणी म्हणणार नाही. यंत्राचा नफा एकाचा आणि उपासमार दुसऱ्याची, हे त्यांना पुरते कळले होते. पुढे अमेरिकेत हाऊ आणि सिंगर यांची यंत्रे आली. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात लाखो शिपायांसाठी ठरीव मापांचे गणवेश शिवले गेले आणि युद्धानंतर तोच अनुभव पुरुषांच्या तयार कपड्यांच्या धंद्याला उपयोगी पडला.

तयार कपडा दुकानात आला तेव्हा घालून पाहण्याचे काम गिऱ्हाइकाकडे आले. टपालाने आला तेव्हा तेही उरले नाही. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डने १८७२ साली खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी टपालविक्रीची यादी काढली. न पाहिलेला माल लोक घेणार कसे? तेव्हा त्याने १८७५ साली वचन दिले की पसंत न पडल्यास पैसे परत. आजचे ‘रिटर्न’चे बटण हे त्या वचनाचे पणतू आहे.

स्त्रियांच्या कपड्यांत मात्र तक्त्याचे गणित फसत राहिले. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या शेतकी खात्यातर्फे रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली. एकेका स्त्रीची पन्नासाहून अधिक. १९४१ साली ती प्रसिद्ध झाली. सारांश असा की, उंची आणि घेर एकमेकांबरोबर वाढतातच असे नाही, त्यामुळे एका आकड्यात स्त्रीचे शरीर मावत नाही. शिवाय निष्कर्षांत फक्त गौरवर्णी स्त्रियांची मापे धरली होती. या कामाच्या आधारावर १९५८ साली सरकारी प्रमाण ठरले आणि १९८३ साली ते मागेही घेतले गेले. त्यानंतर प्रत्येक कारखानदार आपल्या मनाचा राजा झाला. गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी मोठ्या कपड्यावर लहान आकडा छापण्याची चाल पडली. एका दुकानातला ‘मीडियम’ दुसऱ्या दुकानात ‘लार्ज’ का होतो, याचे उत्तर इथे आहे.

अशा मोडक्या तक्त्यावर इंटरनेटवरचा व्यापार उभा राहिला. कपडा न घालता दाखवण्याच्या खटपटी तेव्हापासून सुरू आहेत. अमेरिकेच्या लँड्स एंड या कंपनीने १९९८ साली गिऱ्हाइकाने सांगितलेल्या बांध्याची बाहुली पडद्यावर उभी केली. लंडनच्या बू डॉट कॉमने १९९९ च्या अखेरीस फिरवून पाहता येणारे कपडे मांडले. पण घरोघरच्या टेलिफोनच्या तारांतून ती चित्रे सरकेनात, आणि मे २००० मध्ये दुकानाचे दिवाळे निघाले. एस्टोनियातल्या फिट्समी कंपनीने घेर कमीजास्त करणारे यांत्रिक पुतळे बनवले. जपानच्या झोझो कंपनीने २०१७ साली माप घेणारा घट्ट पोशाख जाहीर केला. नंतर त्यावर ठिपके आले. तो घालून मोबाइलसमोर फिरायचे की माप तयार. तो जवळजवळ फुकट वाटला गेला, पण त्याच्या आधारे कपडे विकण्याचा बेत लवकरच आवरता घ्यावा लागला.

या साऱ्या खटपटी मापाच्या होत्या. अलीकडची जादू चित्राची आहे, आणि हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. जून २०२३ मध्ये गूगलने कपडा निरनिराळ्या बांध्यांच्या मॉडेलांवर यंत्राने चढवून दाखवण्याची सोय आणली. २०२५ मध्ये अमेरिकेत गिऱ्हाइकाला स्वतःचे छायाचित्र देण्याची मुभा मिळाली. यंत्राला हे कसे जमते? एकाच माणसाची, एकाच कपड्यातली, दोन वेगळ्या पवित्र्यांतली अशी असंख्य छायाचित्रे त्याला दाखवतात. चित्रांवर मुद्दाम धूळ उडवल्यासारखे ठिपके पसरवतात आणि ते हटवून मूळ चित्र काढायला शिकवतात. अशा सरावाने हात वळला की चुणी कुठे पडेल याचा अंदाज यंत्र बांधते. पण अंदाज तो अंदाजच. कापड किती ताणते, किती जड आहे, गळा आवळतो का, काखेत काचते का, हे छायाचित्रात नसते. शिंप्याची फीत अंगाला लागत होती. या आरशाचा अंगाशी संबंध नाही. तो ‘शोभते का’ याचे उत्तर देतो, ‘बसते का’ याचे देत नाही. दोन्ही उत्तरे एकच आहेत असा भास झाला की माल खपतो.

आणि बसले नाही म्हणजे? बटण दाबले, माल परत. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. आज त्याच्या आसपास कापड विणण्याइतकाच वखारींचा पसारा आहे. आमच्या कामात अशा वखारींतल्या मुली भेटतात. परत आलेले पुडके फोडायचे, कपडा वापरलेला आहे का हे पाहायचे, डाग पाहायचा, वास घ्यायचा, घडी घालून पुन्हा पिशवीत भरायचा, हे त्यांचे दिवसभराचे काम. तो कपडा आणायला चार जिने चढणारा मुलगा वेगळाच. फुकट ‘रिटर्न’ म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार. शिंप्याच्या काळी चूक उसवणारा हात गिऱ्हाइकाला दिसत होता. आता तो दिसत नाही, एवढेच. परत आलेला आणि न खपलेला माल नष्ट करण्याची चालही काही देशांत इतकी वाढली की युरोपीय संघाला २०२४ साली तिच्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला.

तेव्हा मायावी आरशाने परत येणारा माल खरोखर घटत असेल, तर आम्ही त्याचे वैरी नाही. व्यर्थ श्रम वाचावेत हे कामगारालाही हवेच आहे. मात्र तीन गोष्टी मागून घेतल्या पाहिजेत.

पहिली, प्रमाण माप. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निफ्ट’ने, मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वर्षांच्या २५,००० स्त्रीपुरुषांची मापे यंत्राने घेण्याचे काम हाती घेतले. सरकारी पैशाने घेतलेली मापे सर्वांची आहेत. त्यांवरून ठरलेला आकडा प्रत्येक कारखानदाराने इमानाने छापला, तर निम्मी जादू लागणारच नाही.

दुसरी, शरीराच्या चित्राची मालकी. शिंप्याची वही पेटीत राहत होती; आपले छायाचित्र कुठल्या पेटीत जाते? भारतात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. छायाचित्र किती दिवस ठेवणार आणि कशासाठी वापरणार, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

तिसरी, कामाचा मोबदला. ज्या मॉडेलांच्या अंगावरून यंत्र शिकले, त्यांचाही यात वाटा आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२४ च्या अखेरीस कायदा केला की मॉडेलची यांत्रिक प्रतिमा वापरायची तर तिची स्पष्ट संमती आणि मोबदला ठरला पाहिजे. मॉडेल मंडळींनी संघटितपणे मागितले म्हणून ते मिळाले. वखारीतल्या मुलीला आणि जिने चढणाऱ्या मुलाला परतीच्या प्रत्येक पुडक्यामागे वाजवी दाम हवा असेल, तर त्यांचाही मार्ग हाच आहे.

पॅरिसच्या शिंप्यांनी यंत्र मोडले, कारण त्यांचे म्हणणे मांडायला दुसरी जागा नव्हती. आपल्याला संघटना आहे, कायदा आहे, आणि अशी व्याख्यानमालेची व्यासपीठेही आहेत. आरसा पाहताना आपल्या प्रतिमेमागे उभी असलेली ही माणसे ज्याला दिसली, त्याला आजच्या व्याख्यानातले सारे कळले असे आम्ही समजू.