उडॉल्फोची वर्णनं गाळू नका

ॲन रॅडक्लिफ यांची ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ हाती घेणाऱ्याला हमखास सल्ला मिळतो : वर्णनं गाळून वाच. मी वाचनालयात पुस्तकांची देवघेव सांभाळते, आणि हा सल्ला मला मुळीच पटत नाही. त्या काळी पुस्तकं वाचकांच्या हाती कशी पडत, हे पाहिलं की वर्णनांचं मोल कळतं.

१७९४ साली लंडनमध्ये ही कादंबरी चार खंडांत निघाली. प्रकाशकांनी बाईंना ५०० पौंड दिले; कादंबरीला एवढी रक्कम तेव्हा क्वचितच मिळे. नवी पुस्तकं महाग, त्यामुळे पुष्कळ वाचक वर्गणी भरून वाचनालयातून एकेक खंड घरी नेत. घरात एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, अशीही रीत होती. या वाचनाला सवड होती.

कथा इटलीत नेणाऱ्या खुद्द रॅडक्लिफबाई तिथे कधीच गेल्या नाहीत. इतरांची प्रवासवर्णनं वाचून आणि क्लोद लोरँ, साल्वातोर रोझा यांची निसर्गचित्रं मनात ठेवून त्यांनी आपले डोंगर उभे केले. कादंबरी निघाली त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्या नवऱ्यासोबत आल्प्सच्या दिशेने निघाल्या, पण स्वित्झर्लंडमध्ये पाऊल न टाकताच त्यांना माघारी फिरावं लागलं.

आपेनाइन डोंगरांतला उडॉल्फोचा किल्ला दिसतो तो थेट दुसऱ्या खंडात. नायिका एमिलीची गाडी चढण चढतेय, दिवस मावळतोय. दरी आधीच काळवंडलेली. ऊन तटावरून वर वर सरकत बुरुजांच्या टोकांपुरतं उरतं, मग तेही जातं. पडझड झालेला तो करडा किल्ला संधिप्रकाशात आणखीच मोठा वाटू लागतो. इथे भूत नाही, रक्त नाही, तरी पोटात गोळा येतो. ही करामत निव्वळ वर्णनाची.

पुढे एमिली एका दालनातला काळा पडदा सरकवते आणि बेशुद्ध पडते. पडद्यामागे काय होतं, हे बाई चौथ्या खंडाच्या अखेरीस सांगतात. त्या वेळच्या वाचकाला शेवटचं पान चाळून पाहायचीही सोय नसे. चौथा खंड दुसऱ्याच कुणाच्या घरी असायचा!

आमच्याकडे ही कादंबरी नेणाऱ्यांना मी म्हणून सांगते : रोज थोडी वाचा, आणि जमलं तर मोठ्याने. भीती त्या वर्णनांतच मुरलेली आहे. ती गाळली, तर हाती फक्त गोष्टीचा सांगाडा उरतो.