अजिंठा व चांदीची साक्ष

विहिरीच्या पाण्यांत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले, कीं दह्यासारखा पांढरा साका बसतो. ती परीक्षानळी उन्हाच्या खिडकींत राहिली, तर थोड्याच वेळांत तो जांभळट काळा पडतो. हा प्रयोग आम्ही जळगांवीं वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस दाखवीत आलों आहों. परंतु काळ्या पडणाऱ्या त्या साक्याचा शेजारच्या अजिंठ्याशीं काय संबंध आहे, हें सांगावयाचें राहून जातें.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठीं कंपनी सरकारनें १८४४ सालीं मद्रास फौजेंतील अधिकारी रॉबर्ट गिल यास नेमिलें. फर्दापुरास राहून त्यानें वर्षांमागून वर्षें त्या नकला रंगविल्या. त्या विलायतेस गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें टांगल्या गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरांतील आगींत बहुतेक सर्व भस्म झाल्या. सुदैवानें गिल मध्यंतरीं कॅमेऱ्याकडे वळला होता. त्याच्या ७४ छायाचित्रांसह जेम्स फर्ग्युसन याचा भारतीय लेण्यांवरील ग्रंथ १८६४ सालींच बाहेर पडला होता. रंग जळाले, चांदी मात्र उरली.

ही चांदी कशी काम करते? नायट्रेटच्या पाण्यांत ती धातुरूपानें नसते. तिच्या प्रत्येक अणूनें एक इलेक्ट्रॉन गमाविलेला असतो. अशा अणूस आयन म्हणतात. त्या काळीं रूढ असलेल्या रीतींत कांचेवर आयोडाइड मिसळलेल्या कोलोडियनचा पातळ थर देत व ती नायट्रेटच्या पाण्यांत बुडवीत. थरांत सिल्व्हर आयोडाइडचे सूक्ष्म कण तयार होत. कांच ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे. कणावर प्रकाश पडला, कीं आयोडाइडकडील एक इलेक्ट्रॉन सुटतो; चांदीचा आयन तो घेऊन पुन्हा धातूचा अणु बनतो. अशा मोजक्या अणूंचा ठिपका डोळ्यांस दिसत नाहीं. त्यावर हिराकसाचें पाणी ओतलें, म्हणजे कांचेवर उरलेल्या नायट्रेटांतील चांदी त्याच ठिपक्यावर येऊन बसते आणि चित्र उमटतें. शेष आयोडाइड हायपोनें धुऊन काढतात. कांचेवरील काळा भाग म्हणजे शाई नव्हे. सराफासही ओळखूं येणार नाहीं इतकी बारीक, पण ती चांदीच होय.

दगडाच्या बाबतींत ही साक्ष अचूक आहे. रंगाच्या बाबतींत मात्र साक्षीदार अर्धा आंधळा! सिल्व्हर आयोडाइडवर निळ्या व जांभळ्या किरणांचाच परिणाम होतो. तांबड्या-पिवळ्या किरणांत इलेक्ट्रॉन सोडविण्याइतकी शक्ति नसते. अजिंठ्याच्या चितारी तर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ आणि लाजवर्दी निळा यांवर काम करीत. चांदीला गेरू काजळासारखाच काळा दिसतो, आणि लाजवर्दी निळा जवळजवळ पांढरा. म्हणून त्या काळच्या छायाचित्रांत गेरूची काया काळवंडलेली दिसली, तर मूळ भिंतही काळवंडली होती असें अनुमान करणारा फसेल.

१८७३ सालीं जर्मन रसायनज्ञ फोगेल यानें रंगद्रव्यें मिसळून चांदीला इतर किरणही दिसूं शकतात हें दाखविलें. इकडे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून नव्या नकला करविल्या; १८८५ सालीं लंडनमधील आगींत त्यांपैकींही पुष्कळ नष्ट झाल्या. अखेर गुलाम याझदानी यांचे छायाचित्रांवर आधारलेले रंगीत खंड १९३० ते १९५५ या काळांत निघाले, तेव्हां कोठें कॅमेऱ्याच्या साक्षीस रंग आला.

इतिहासाच्या अभ्यासकानें साक्षीदारास, तूं काय पाहिलेंस, एवढेंच विचारून भागत नाहीं; तुला काय दिसूं शकत होतें, हेंही विचारावें लागतें. आज खिशांतल्या यंत्रानें लेणीं टिपणाऱ्या प्रवाशास चांदीची गरज उरलेली नाहीं. हा प्रश्न मात्र त्याच्या यंत्रासही लागू आहे. गिल १८७९ सालीं वारला व भुसावळास त्याचें दफन झालें. अजिंठ्यास जाणाऱ्या वाचकानें वाटेंत त्याचें स्मरण करावें.